वायू पुढे, कण मागे: वेगवान वायुझोतातल्या घन कणांचा हिशेब कसा मांडायचा

नॉझलमधून हवा आवाजाच्या वेगाने सुटते आहे आणि तिच्यात आपण बारीक पावडर सोडली आहे. पावडरचा वेग किती? नव्याने काम शिकायला आलेल्यांना मी हा प्रश्न हमखास विचारतो, आणि बहुतेक जण हवेचाच वेग सांगून मोकळे होतात. १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) कणाला हे उत्तर जवळजवळ लागू पडतं. १०० मायक्रॉनच्या कणाला ते लावलं तर पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. वारा येईल तशी पाठ द्यायची, हे लहान कणाला जमतं. मोठा कण वारा वळला तरी आपल्या जुन्या दिशेने, जुन्याच वेगाने बराच काळ जात राहतो.

सँडब्लास्टिंग, कोल्ड स्प्रे (धातूची पावडर न वितळवता वेगाने आपटून लेप देणं), घन इंधनाच्या रॉकेटमधून ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) कणांसह बाहेर पडणारा झोत, विमानाच्या इंजिनात शिरलेली ज्वालामुखीची राख, विंड टनेलमध्ये वेग मोजण्यासाठी सोडलेली पावडर, या सगळ्या ठिकाणी मूळ प्रश्न एकच असतो: वायू आणि कण यांच्या वेगात या क्षणी फरक किती? हा फरक हाती आला की कणावरचा जोर, त्याचं तापणं, त्याने केलेली झीज हे सगळं त्यातून निघतं. मी स्वतः ज्या क्रमाने हा फरक काढतो तो क्रम इथे देतो. साधी स्प्रेडशीट पुरते.

पायरी १: कण बाजूला ठेवा, आधी वायू नीट समजून घ्या

पहिली चूक इथेच होते, आणि ती फार साधी असते. गेजवरचा दाब वातावरणाच्या वरचा असतो. सूत्रात निरपेक्ष दाब लागतो. गेज ६ बार दाखवत असेल तर सूत्रात ७ घाला.

तोच दाब घेऊन उदाहरण करू: नॉझलच्या आधी ७ बार निरपेक्ष दाब, ३०० केल्विन तापमान, कोरडी हवा. नॉझलच्या सर्वांत अरुंद जागी, म्हणजे गळ्यात, हवा आवाजाच्या वेगाला पोचते. तिथे दाब मूळच्या ०.५२८ पट उरतो आणि निरपेक्ष तापमान ०.८३३ पट. म्हणजे ३.७ बार आणि २५० केल्विन. आवाजाचा वेग तिथे ३१७ मी./से. येतो आणि घनता ५.१५ किलो प्रति घनमीटर. खोलीतल्या हवेची घनता १.२ च्या आसपास असते, हे लक्षात घेतलं तर गळ्यातली हवा चौपटीहून जास्त दाट आहे. श्यानता, म्हणजे हवेचा चिकटपणा, साधारण ०.००००१६ पास्कल-सेकंद.

घनतेवर मी इतका जोर का देतो आहे? कणाला ढकलणारा जोर घनता गुणिले वेगफरकाचा वर्ग या प्रमाणात असतो. गळ्याच्या पुढे नॉझल पुन्हा रुंद केलं (ही रचना गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८० च्या दशकात वाफेच्या टर्बाइनसाठी वापरली) की वेग वाढतो, पण घनता झपाट्याने घटते. दोन्हींचा गुणाकार काढून पाहा. थांबलेल्या कणासाठी तो मॅक १.४१ ला (मॅक म्हणजे वेग ÷ त्या जागचा आवाजाचा वेग) शिखरावर असतो. मॅक २ ला तो पुन्हा गळ्यातल्या किमतीच्या थोडा खाली आलेला असतो, आणि मॅक ३ ला तर निम्म्याहूनही कमी उरतो. कण स्वतः पळत असेल तर हे शिखर वरच्या मॅककडे सरकतं, पण ते नाहीसं होत नाही. म्हणून ‘जास्त मॅकचं नॉझल लावलं की कण जास्त जोरात जातील’ हा समज पैसे आणि वेळ दोन्ही खातो. कणाला वेग द्यायचा असेल तर आधी दाब वाढवता येतो का, नॉझल लांब करता येतं का, हे बघा. वायू तापवला तर आवाजाचा वेगच वाढतो, तोही एक मार्ग आहे. हलका वायू, विशेषतः हेलियम, वापरण्यामागचं कारणही तेच.

पायरी २: कणाची खरी ओळख

घनता, आकारमान आणि आकार या तीन गोष्टी हव्यात. घनता तक्त्यात मिळते, पण कण सच्छिद्र असेल तर तक्त्यातली घनता फसवते. आकार गोल नसेल तर जोर बदलतो. कोनेदार दाण्याला त्याच वजनाच्या गोळीपेक्षा हवा जास्त ढकलते.

सर्वांत जास्त घोळ आकारमानात होतो. पिशवीवर ‘३० मायक्रॉन’ लिहिलेलं असतं. ती बहुधा मधली किंमत असते. चाळणीने किंवा लेसरच्या उपकरणाने वितरण काढलं तर त्यात १५ मायक्रॉनचे कणही सापडतात आणि ५० चेही. कणाचा सुस्तपणा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५ आणि ५० मधला फरक ३.३ पटींचा न राहता ११ पटींचा होतो. एकाच पिशवीतले दोन कण नॉझलच्या तोंडाशी अगदी वेगवेगळ्या वेगाने पोचतात. म्हणून हिशेब कधीही एकाच व्यासासाठी करू नका. किमान तीन घ्या: वजनाने १० टक्के कण ज्याच्या खाली आहेत तो व्यास, मधला व्यास आणि ९० टक्के ज्याच्या खाली आहेत तो.

पायरी ३: तीन अंक काढा

यापुढे ‘वेग’ म्हणजे दर वेळी वायू आणि कण यांच्या वेगांतला फरक. हे पाळलं नाही तर पुढचं काहीच बरोबर येत नाही.

रेनॉल्ड्झ अंक म्हणजे वायूची घनता × वेगफरक × कणाचा व्यास ÷ श्यानता. हवा कणाभोवती चिकटून सरकते आहे की मागे भोवरे सोडते आहे, हे तो सांगतो. कणाचा मॅक अंक म्हणजे वेगफरक ÷ त्या जागचा आवाजाचा वेग. तिसरा नुडसेन अंक, म्हणजे वायूच्या रेणूंचा दोन धडकांमधला सरासरी प्रवास ÷ कणाचा व्यास. नेहमीच्या हवेत हा प्रवास ०.०७ मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि दाब कमी झाला की वाढतो. अर्धा मायक्रॉनचा कण विरळ वायूत असला की त्याला हवा सलग द्रवासारखी भासत नाही. त्याच्यावर सुट्या रेणूंचा मारा होत असतो, आणि जोर कमी पडतो.

हे तीन अंक स्वतंत्र नाहीत. हवेसाठी नुडसेन = १.४८ × मॅक ÷ रेनॉल्ड्झ. दोन काढले की तिसरा आपोआप मिळतो, आणि तुमची आकडेमोड चुकली नाही ना, हे तपासायलाही हे नातं कामी येतं.

पायरी ४: ड्रॅगचं सूत्र निवडा

जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली दिलेला नियम सर्वांना पाठ असतो: ड्रॅग (वायूचा कणावरचा जोर) गुणांक = २४ ÷ रेनॉल्ड्झ. तो रेनॉल्ड्झ १ च्या खाली चांगला चालतो. वेगवान झोतात इतका कमी रेनॉल्ड्झ क्वचितच भेटतो. त्याच्या वर, साधारण १००० पर्यंत, शिलर आणि नौमान यांची दुरुस्ती वापरा: स्टोक्सच्या उत्तराला (१ + ०.१५ × रेनॉल्ड्झचा ०.६८७ वा घात) याने गुणायचं. १००० च्या पुढे, वेगफरक आवाजापेक्षा बराच कमी असेल तर, गोल कणाचा गुणांक ०.४ ते ०.४५ च्या दरम्यान राहतो.

वेगफरकाचा मॅक ०.६ च्या वर गेला की मोठ्या रेनॉल्ड्झच्या कणाचा ड्रॅग चढायला लागतो. मॅक १ ला गुणांक ०.८ च्या आसपास, आणि त्याच्या पुढे १ च्या जवळपास. कणाच्या पुढे स्वतःचा छोटा शॉक (दाब एकदम उडी घेतो ती पातळ लाट) तयार होतो, त्याची ही किंमत.

इथे एक गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. मॅक वाढला की ड्रॅग वाढतो, हे सर्वच कणांना लागू नाही. एरिक लोथ यांनी २००८ मध्ये उपलब्ध मोजमापं एकत्र मांडली तेव्हा दिसलं की रेनॉल्ड्झ ४५ च्या आसपास एक सांधा आहे. त्याच्या वर मॅक वाढला की ड्रॅग गुणांक वाढतो, आणि त्याच्या खाली मॅक वाढला की तो घटतो, कारण तिथे विरळपणाचं राज्य असतं. लहान आणि मोठा कण एकाच झोतात अगदी उलट वागतात, ते यामुळे. दोन्ही बाजू एकाच सूत्रात हव्या असतील तर हेंडरसन यांचं १९७६ चं सूत्र किंवा लोथ यांचं सूत्र स्प्रेडशीटमध्ये घाला. टाइप करायला लांबलचक आहेत, पण एकदाच करायचं काम आहे.

पायरी ५: प्रतिसादकाळ आणि प्रतिसाद-अंतर

इथे मात्र जरा थांबून आकड्यांशी ओळख करून घ्या. स्टोक्सच्या हद्दीत कणाचा प्रतिसादकाळ = कणाची घनता × व्यासाचा वर्ग ÷ (१८ × श्यानता). तेवढ्या वेळात कण वायूशी असलेला वेगफरक जवळपास ६३ टक्क्यांनी कमी करतो. साध्या हवेत, पाण्याइतक्या घनतेच्या १ मायक्रॉन कणासाठी हा काळ ३ मायक्रोसेकंद येतो. १० मायक्रॉनसाठी ३०० मायक्रोसेकंद. ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या दाण्यासाठी ३० मिलिसेकंद. ३०० मी./से. वेगाची हवा तेवढ्या वेळात ९ मीटर जाते! नॉझलची लांबी दहा-वीस सेंटिमीटर असते, हे आठवलं की परिस्थिती लक्षात येते.

खऱ्या झोतात रेनॉल्ड्झ मोठा असल्यामुळे जोर स्टोक्सपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून अवस्था इतकी वाईट नसते. अशा मोठ्या कणांसाठी काळापेक्षा अंतर वापरणं सोयीचं:

प्रतिसाद-अंतर = ४/३ × (कणाची घनता ÷ वायूची घनता) × (व्यास ÷ ड्रॅग गुणांक)

आपल्या नॉझलच्या गळ्यात १०० मायक्रॉनचा ॲल्युमिनाचा दाणा थांबलेला आहे असं धरू. ॲल्युमिनाची घनता ३९५०. रेनॉल्ड्झ १०,००० च्या आसपास येतो, मॅक १, म्हणून गुणांक ०.८. प्रतिसाद-अंतर १२.८ सेंटिमीटर. सुरुवातीचं त्वरण काढलं तर जवळपास ७ लाख ८० हजार मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ८०,००० पट! तरीही १० सेंटिमीटर लांबीच्या सरळ नळीत हा दाणा हवेच्या ३१७ पैकी फक्त २०० मी./से. च्या आसपास पोचतो. वेगफरक कमी होईल तसा मॅक उतरतो, गुणांकही उतरतो. गुणांक ०.५ धरून पुन्हा केलं तर १८० येतात. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. त्याच नळीत २० मायक्रॉनचा दाणा २७० च्या घरात जातो.

गुणांक आणि वायूचा वेग स्थिर धरले तर कागदावरही हे सुटतं. ‘र’ म्हणजे कणाचा वेग ÷ वायूचा वेग, तर नळीची लांबी ÷ प्रतिसाद-अंतर = १ ÷ (१ − र) + (१ − र) चा नैसर्गिक लॉगॅरिदम − १. ‘र’ च्या दोन-चार किमती घालून पाहिल्या की उत्तर हाती येतं. लांबी दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाही, हे या एका ओळीत दिसतं. शेवटचे दहा टक्के मिळवायला नळी फार लांब लागते.

वायूचा वेग वाटेत बदलत असेल तर स्प्रेडशीटमध्ये लहान-लहान पावलं टाका. प्रत्येक पावलाला त्या जागचा वायू, नवा वेगफरक, नवे तीन अंक, नवा गुणांक. एका पावलाचा कालावधी त्या क्षणीच्या प्रतिसादकाळाच्या विसाव्या भागापेक्षा मोठा ठेवू नका, नाहीतर लहान कणांचे आकडे वेड्यासारखे वरखाली होऊ लागतात. पाऊल निम्मं करून पाहा. उत्तर बदललं नाही तर पाऊल पुरेसं लहान आहे.

प्रवाह वाटेत वळत असेल तर स्टोक्स अंकाकडे बघा: प्रतिसादकाळ ÷ वायूला ते वळण घ्यायला लागणारा काळ. ०.१ च्या खाली कण वायूच्या मागोमाग जातो, १० च्या वर तो सरळ जाऊन भिंतीवर आदळतो, आणि १ च्या आसपास भोवऱ्यांतून बाहेर फेकला जाऊन कडेला गर्दी करतो.

पायरी ६: शॉक ओलांडताना

शॉकमध्ये वायू मायक्रॉनभराच्या जाडीत मंदावतो. कणाला इतक्या घाईने थांबणं शक्य नसतं. समजा मॅक २ चा झोत आहे, मूळ हवा ३०० केल्विन आणि १ वातावरण दाबाची. शॉकच्या आधी हवेचा वेग ५१८ मी./से., शॉकनंतर १९४. कण ५१८ नेच आत येतो आणि त्याच्याभोवती आता ३२४ चा वेगफरक अचानक उभा राहतो.

१ मायक्रॉनच्या तेलाच्या थेंबाला (छोटा थेंब गोल आणि घट्ट राहतो, हिशेब घन कणासारखाच) स्टोक्सच्या सूत्राने प्रतिसादकाळ २.८ मायक्रोसेकंद लागतो, आणि वेगफरक ५ टक्क्यांवर यायला अडीच मिलिमीटर अंतर. या थेंबाचा रेनॉल्ड्झ १३ आहे, त्यामुळे शिलर-नौमान सांगतात की सुरुवातीचा जोर जवळपास १.९ पट. पण नुडसेन ०.१ च्या वर आहे, आणि विरळपणाची दुरुस्ती (ही कनिंगहॅम यांनी १९१० मध्ये दिली) तोच जोर सव्वा पटीने घटवते. दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना काही अंशी खाऊन टाकतात. एकच लावली तर उत्तर स्टोक्सपेक्षाही वाईट येऊ शकतं, म्हणून लावायच्या तर दोन्ही लावा. १० मायक्रॉनच्या थेंबाला हीच गोष्ट पाहिली तर रेनॉल्ड्झ १३३ आणि जोर सुरुवातीला स्टोक्सच्या पाचपटीहून जास्त. तिथे स्टोक्सवर विसंबलं की अंतर कित्येक पटींनी चुकतं.

यावर मी स्वतः एकदा चांगलाच अडखळलो होतो. ०.३ मायक्रॉनची टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर सोडून तिरप्या शॉकमधला वेग लेसरने मोजत होतो. हिशेबाने कणांनी एक-दीड मिलिमीटरमध्ये स्थिरावायला हवं होतं. चित्रात मात्र वेग सात-आठ मिलिमीटरभर हळूहळू उतरताना दिसत होता. दोन दिवस मी नॉझलची कंपनं, लेसरच्या स्पंदांमधलं अंतर, आरशांची जुळणी, सगळं तपासत बसलो. शेवटी चिकटपट्टीचा एक तुकडा झोतात क्षणभर धरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सुटा कण शोधूनही सापडेना. सगळीकडे घोस होते, दीडशे-दोनशे कण एकमेकांना चिकटून झालेले, काही दोन मायक्रॉनहून मोठे. पावडरचा डबा आदल्या दिवशी उघडा राहिला होता आणि तिने हवेतला ओलावा घेतला होता. ओव्हनमध्ये वाळवून, सायक्लोनमधून (हवा गरगर फिरवून जाड कण वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढून पावडर पुन्हा सोडली, आणि उतार आपल्या जागेवर आला.

तेव्हापासून मी उलट पद्धत वापरतो. प्रयोग सुरू करण्यापूर्वी आधी ज्याचे आकडे माहीत आहेत असा एक शॉक तयार करायचा, त्याच्यापलीकडे कण किती अंतरात स्थिरावतात ते मोजायचं, आणि त्यावरून खरा प्रतिसादकाळ काढायचा. पिशवीवरचा आकडा काहीही असो, झोतातल्या कणाचा खरा स्वभाव असा कळतो.

झोत सपाट पत्र्यावर आदळतो तिथेही शॉक उभा राहतो, आणि त्याच्यामागे मंदावलेल्या, दाट हवेची एक उशी असते. जड कण ती भेदून जातात. पाच मायक्रॉनहून लहान कण तिथे वेग गमावतात, बाजूला वाहून जातात. कोल्ड स्प्रेसाठी अतिबारीक पावडर चालत नाही याचं हे मोठं कारण. या तंत्राचा जन्मच कणांच्या अशा अभ्यासातून झाला. नोवोसिबिर्स्कच्या सैद्धांतिक आणि उपयोजित यांत्रिकी संस्थेत १९८० च्या दशकाच्या मध्याला अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी धातूचे कण मिसळलेल्या स्वनातीत प्रवाहात मॉडेल ठेवून तपासत होते. कणांनी पृष्ठभाग खरवडावा अशी अपेक्षा. एका मर्यादेपलीकडे वेग गेला तेव्हा कण न वितळताच मॉडेलला चिकटू लागले. तांब्यासाठी ही मर्यादा साधारण ५०० ते ६०० मी./से. आहे. वेग त्याच्या थोडा खाली असला तरी लेप बसत नाही, झीज होते. वेगाचा हिशेब काटेकोर का हवा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ७: तापमानाचा हिशेब वेगळा ठेवा

कणाला तापायलाही वेळ लागतो, आणि तो वेळही व्यासाच्या वर्गाने वाढतो: घनता × विशिष्ट उष्णता × व्यासाचा वर्ग ÷ (१२ × वायूची उष्णतावाहकता). हवेत हा काळ वेगाच्या प्रतिसादकाळाच्या तोडीचा असतो. तांब्यासारख्या कमी विशिष्ट उष्णतेच्या धातूला त्याहून निम्म्यापेक्षाही कमी.

२४ जून १९८२ रोजी जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट ९ ची चारही इंजिनं गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बंद पडली. वरचं सूत्र त्या राखेला लावून पाहा. १० मायक्रॉनचा राखेचा कण ज्वलनकक्षातल्या तप्त वायूत मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात तापतो, आणि कक्षातून जायला त्याला काही मिलिसेकंद मिळतात. तो वितळणार आणि पुढच्या टर्बाइनच्या पात्यांवर चिकटणार. १०० मायक्रॉनच्या कणाला तापायला २० मिलिसेकंद हवेत. तो बराचसा घनच राहून पाती खरवडतो. त्या विमानाने उतरत उतरत राखेच्या ढगाबाहेर पडल्यावर, थंड झालेला थर तडकून निघाल्यामुळे इंजिनं पुन्हा सुरू झाली.

आणखी एक खाचखळगा. मॅक २ च्या झोतात हवेचं तापमान १६७ केल्विन असलं तरी त्यात जवळपास थांबलेल्या कणाला ३०० च्या आसपासचं तापमान भासतं, कारण हवा त्याच्यावर येऊन थांबते. कण वेग घेईल तसं हे भासणारं तापमान उतरतं. म्हणून आधी वेग, मग तापमान, हा क्रम ठेवा.

पायरी ८: गर्दीचा परिणाम

आतापर्यंत एकटा कण धरला. पावडर आणि हवा वजनाने समसमान असली तरी घनफळात पावडर दहा हजारांत तीन भाग असते. ‘एवढ्याशा पावडरने काय होणार’ असं वाटतं. होतं बरंच. कण वायूबरोबर पळू शकतील इतके लहान असले तर अशा मिश्रणातला आवाजाचा वेग ३४७ वरून २२५ मी./से. च्या आसपास येतो. कण मोठे असले तर ते वेग घेताना हवेचा संवेग काढून घेतात, त्यामुळे पाचव्या पायरीतले २०० मी./से. ही पावडर जास्त असेल तेव्हा वरची मर्यादा समजा. शिवाय मागे रेंगाळणारे कण दाटी करतात. हवेच्या निम्म्या वेगाने जाणारा कण नळीत दुप्पट वेळ राहतो, म्हणून नळीतली त्यांची दाटी फीडरच्या (हवेत पावडर सोडणाऱ्या यंत्राच्या) प्रमाणापेक्षा दुप्पट असते. घनफळाने हजारात एक भागाच्या पुढे गेलं की कण एकमेकांवरही आपटू लागतात, आणि मग हाताने हिशेब करायचा नाद सोडावा.

पायरी ९: भिंत, झीज आणि जीव

झीज वेगाच्या दुसऱ्या ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढला की झीज दीडपट. लवचीक धातू २० ते ३० अंशांच्या तिरप्या माऱ्यात सर्वांत जास्त झिजतात (इयन फिनी यांनी १९६० मध्ये याची मांडणी केली), आणि काच किंवा सिरॅमिक सरळ माऱ्यात. म्हणून नळीच्या बाकाला कडक सिरॅमिक अस्तर चालतं, पण समोरून मार बसणार असेल तर तेच तडकतं. नॉझलचा गळा ८ मिलिमीटरचा झिजून ९.५ झाला तर हवा ४० टक्के जास्त लागते. कॉम्प्रेसर ती देऊ शकला नाही तर दाब पडतो, घनता पडते, आणि कणाचा वेग गुपचूप उतरतो. गेज पिन ठेवून गळा नियमित मोजा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पळत्या कणांवर स्थिर वीज साठते. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम यांची बारीक पावडर हवेत पसरली आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. नॉझल, नळी, फीडर, धूळ गोळा करणारं यंत्र, सगळ्यांना अर्थिंग द्या आणि ते मीटरने तपासा. सिलिकाची वाळू फवारू नका. तिच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

पायरी १०: मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका

लेसरची सोय नसेल तर दोन तबकड्यांची जुनी पद्धत आजही उत्तम चालते. एकाच दांड्यावर दोन तबकड्या बसवायच्या, वरचीला एक अरुंद चीर. आधी तबकड्या न फिरवता थोडे कण सोडायचे, म्हणजे खालच्या तबकडीवर चिरीच्या बरोबर खाली एक खूण उमटते. मग तबकड्या फिरवत पुन्हा कण सोडायचे. कण दोन तबकड्यांमधलं अंतर कापेपर्यंत खालची तबकडी थोडी पुढे गेलेली असते, आणि दुसरी खूण तेवढी सरकून उमटते. अंतर २० मिलिमीटर, मिनिटाला ६००० फेरे आणि कणांचा वेग २०० मी./से. असेल तर खूण ३.६ अंशांनी सरकते. ५० मिलिमीटर त्रिज्येवर ते ३.१ मिलिमीटर होतात, साध्या व्हर्नियरने मोजता येतील इतके. दुसरी खूण पहिलीपेक्षा पसरट दिसेल. तो पसारा म्हणजे तुमच्या पावडरमधलं आकारमानाचं वितरण. जवळची कड बारीक कणांची, लांबची जाड्या कणांची.

मोजलेला वेग हिशेबापेक्षा कमी आला तर मी या क्रमाने शोधतो: दाब खरंच नॉझलपाशी मोजला होता की कॉम्प्रेसरपाशी, पावडर ओली होऊन गोळे झाले का, गळा झिजला का, फीडर जास्त पावडर सोडतो आहे का. जास्त आला तर दाण्याचा आकार बघतो. कोनेदार दाण्याला गोळीचा गुणांक लावला की हिशेबातला वेग कमीच येतो.